तळातल्या पाण्याला वाट

मासेमारी बोटीत पाणी येतंच. बोट सागवानी असो की फायबरची, जुनी असो की गेल्या वर्षी पाण्यात उतरवलेली, तिच्या तळाशी पाणी साठणार हे ती बांधणाऱ्या मिस्त्रीलाही ठाऊक असतं आणि ती चालवणाऱ्या तांडेलालाही. तरी बोटीवर पैसा खर्च करायची वेळ आली की तो इंजिनाकडे जातो, जाळ्यांकडे जातो, विंचकडे आणि अलीकडे फिश फाइंडरकडे जातो. तळातल्या पाण्याचा विषय ‘पंप आहे ना’ एवढ्यावर मिटतो. या प्रकरणाचं म्हणणं असं की पंप ही या व्यवस्थेतली शेवटची वस्तू आहे. त्याच्या आधी दोन गोष्टी लागतात. नाळेपासून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापासून, पिछाडीपर्यंत कुठेही पडलेल्या थेंबाला पंपापर्यंत येण्याची मोकळी वाट हवी, आणि त्या वाटेच्या हरेक टप्प्यावर माणसाचा हात पोचायला हवा. या दोन्ही नसतील तर केवढाही मोठा पंप बसवा, तो कोरड्या खड्ड्यातून हवा ओढत राहील आणि पाणी दोन फासळ्या पलीकडे निवांत साचून असेल.

बिल्ज म्हणजे बोटीचा आतला सगळ्यात खालचा भाग, पठाणाच्या, म्हणजे बोटीच्या कण्याच्या, दोन्ही अंगांना, फासळ्यांच्या आणि वरच्या फळ्यांच्या मधली अरुंद, काळोखी जागा. तिथे येणारं पाणी एका ठिकाणाहून येत नाही. पंख्याचा दांडा जिथून बाहेर जातो तिथल्या ग्लँडमधून थेंब गळतात. जुन्या पद्धतीच्या पॅकिंगला ते गळणं आवश्यकच असतं, कारण त्या थेंबांनीच दांडा थंड राहतो. जाळं वर ओढलं की त्याच्यासोबत आलेलं पाणी डेकवरून झाकणांच्या फटींतून खाली उतरतं. लाकडी बोटीच्या फळ्यांमधला कापूस सैल झाला की तिथून पाझर सुरू होतो. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा रबरी पाइप क्लिपपाशी तडकतो. पावसाचं पाणी आहे, धुण्याचं पाणी आहे, आणि सगळ्यात हमखास येणारं पाणी म्हणजे वितळलेला बर्फ. तो मासळीसोबत पैसे मोजून आपणच बोटीत भरलेला असतो. हिशेब सोपा आहे. ३० अंशांवरची एक किलो मासळी शून्यावर आणायला साधारण २४ किलोकॅलरी उष्णता काढावी लागते आणि एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी शोषतो. म्हणजे नुसती मासळी गार करायला तिच्या वजनाच्या तीस टक्के बर्फ पुरतो. पण आठ-दहा दिवसांच्या फेरीला त्याच्या कितीतरी पट बर्फ नेला जातो, कारण उरलेला सारा मासळी ठेवायच्या खणाच्या भिंतींतून आत येणाऱ्या उष्णतेशी झुंजण्यात वितळतो. टनभर बर्फ वितळला की टनभर पाणी होतं, आणि ते रक्त, खवले, चिकटा घेऊन खाली जातं.

हे वितळलेलं पाणी गोडं असतं, आणि लाकडाच्या दृष्टीने ही बाब साधी नाही. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओलावा लागतो, थोडी हवा लागते आणि फारसं मीठ चालत नाही. खाऱ्या पाण्यात मुरलेलं लाकूड या बुरशीला मानवत नाही. समुद्राच्या पाण्यात लाकडाचा शत्रू वेगळा, बाहेरून भोकं पाडणारा किडा. बोटीच्या आतलं कुजणं मात्र बहुतेक वेळा गोड्या पाण्याने सुरू होतं, म्हणजे पावसाच्या किंवा बर्फाच्या. फासळी आणि फळी जिथे एकमेकींना टेकतात त्या सांध्यात हे पाणी शिरतं, हवा खेळत नाही म्हणून सुकत नाही, आणि वरून सगळं धडधाकट दिसत असताना आतून लाकूड भुसभुशीत होतं. बाहेरून रंगवलेली, तेल पाजलेली, देखणी बोट तळात पेन्सिलच्या टोकाने खरवडता येईल अशी निघते, ती यामुळेच. बिल्ज कोरडी ठेवणं म्हणजे बुडण्यापासून वाचणं एवढाच अर्थ घेतला, तर बोटीच्या आयुष्याचा अर्धा हिशेब सुटून जातो.

आता बुडण्याकडे येऊ. ब्रिटनच्या सागरी अपघात अन्वेषण शाखेनं १९९२ ते २००६ या काळातल्या तिथल्या मासेमारी नौकांच्या अपघातांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध केला. त्यात नौका गमावण्याचं सगळ्यात मोठं कारण टक्कर किंवा आग हे नव्हतं. आत पाणी भरून बुडणं हे होतं. उत्तर समुद्र वेगळा आणि अरबी समुद्र वेगळा हे मान्य, पण भोकातून पाणी येण्याचा नियम दोन्हीकडे एकच आहे. पाण्याखाली एक मीटर खोलीवर २५ मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे अंगठा सहज जाईल एवढं भोक पडलं, तर त्यातून मिनिटाला सुमारे ७८ लिटर पाणी आत येतं. तासाला जवळपास ४,७०० लिटर. भोकाचा व्यास दुप्पट झाला की पाणी चौपट. म्हणजे ५० मिलिमीटरचा एक पाइप सांध्यातून निखळला तर तासाला १८ टनांहून जास्त पाणी. बाजारात मिळणाऱ्या विजेच्या पंपावर तासाला साडेसात हजार लिटर असा आकडा छापलेला असतो. पण तो आकडा पाणी वर उचलावं न लागता, नळी सरळ आणि व्होल्टेज पूर्ण असताना मोजलेला असतो. दोन मीटर उचल, तीन-चार वळणं, गंजलेले वायरचे जोड आणि थकलेली बॅटरी यांतून तो निम्म्याच्या आसपास उतरला तर नवल मानू नये. यावरून कोणी म्हणेल, मग पंप मोठाच घ्यायला हवा. जरूर घ्या. पण या आकड्यांतून दुसरीही गोष्ट निघते. कोणताही परवडणारा पंप मोठ्या भोकाशी फार वेळ लढू शकत नाही. तो फक्त वेळ मिळवून देतो. तो वेळ भोक शोधून बुजवण्यासाठी असतो. आणि भोक शोधायचं तर तिथवर पोचायला हवं. खिळे मारून बंद केलेल्या फळ्यांखाली, बर्फाने भरलेल्या खणाच्या तळाशी कुठेतरी ते असेल, तर मिळालेला वेळ कुऱ्हाड शोधण्यात जातो.

बादलीचं उदाहरण घ्या. दहा लिटरची बादली मिनिटाला आठ वेळा भरून बाहेर टाकणारा खलाशी मिनिटाला ८० लिटर पाणी काढतो, म्हणजे वरच्या अंगठ्याएवढ्या भोकाशी तो काही वेळ एकटा बरोबरी करू शकतो. त्याला डिझेल लागत नाही, वीज लागत नाही. पण त्यासाठी बादली पाण्यात बुडेल एवढं झाकण तळात असावं लागतं. कित्येक बोटींत ते नसतं. असतो तो हात कोपरापर्यंत जाईल असा एक चौकोन. माणसाची ताकद आहे, बादली आहे, आणि दोघांना पाण्यापर्यंत पोचायला दार नाही!

पाणी किती आलं यापेक्षाही ते कुठे आणि कसं पसरलं यावर बोटीचा तोल ठरतो, हे अनेकांना पटत नाही. थोडं पाणी तळाशी असलं की बोट जड होते आणि म्हणून स्थिर होते, अशी एक जुनी समजूत आहे. ते पाणी बंद पिंपात असतं तर समजूत खरी ठरली असती. मोकळं पाणी बोट कलली की त्याच बाजूला धावतं आणि कलण्याला हातभार लावतं. याचा हिशेब पाण्याच्या वजनापेक्षा त्याच्या पृष्ठभागाच्या रुंदीवर अवलंबून असतो, आणि तोही रुंदीच्या घनावर. ३० टन वजनाची एक बोट घेऊ. तिच्या आत चार मीटर लांब आणि तीन मीटर रुंद भागात जेमतेम दहा सेंटिमीटर पाणी पसरलं, तर ते सव्वा टनाच्या आत-बाहेर भरेल. पण त्याच्या हलण्यामुळे बोटीच्या स्थिरतेचं माप, म्हणजे मेटासेंट्रिक उंची, सुमारे ३० सेंटिमीटरने घटते. एक डेक असलेल्या मासेमारी नौकेला आंतरराष्ट्रीय निकषात ही उंची किमान ३५ सेंटिमीटर सांगितली आहे. म्हणजे घोट्याएवढ्या पाण्याने जवळपास सगळी शिल्लक खाल्ली. तळाच्या अरुंद ‘व्ही’ आकारात पाणी असतं तोवर पृष्ठभाग चिंचोळा राहतो आणि धोका कमी असतो. ते फळ्यांच्या वर येऊन पसरलं की रुंदी एकदम वाढते. म्हणून पाणी फळ्यांवर दिसल्यावर पंप चालू करायचा, ही पद्धत गणिताच्या नेमकी उलट आहे. ते दिसायच्या आत निघालं पाहिजे, आणि न दिसणारं पाणी आपोआप पंपापाशी आलं तरच निघेल.

इथून खरा विषय सुरू होतो, पाण्याच्या वाटेचा. बोटीच्या फासळ्या तळाशी आडव्या असतात, आणि प्रत्येक दोन फासळ्यांमध्ये एक खळगा तयार होतो. खळग्यातलं पाणी पुढे जावं म्हणून फासळीच्या बुडाशी भोक ठेवतात. जहाजबांधणीत त्याला लिंबर होल म्हणतात. आपण मोरी म्हणू, कारण काम तेच आहे. ही मोरी नेमकी कुठे आणि केवढी, यावर सगळं अवलंबून आहे. तिची खालची कड फळीच्या पातळीपासून दोन सेंटिमीटर वर राहिली, तर प्रत्येक खळग्यात दोन सेंटिमीटर पाणी कायम उभं राहणार. ४० सेंटिमीटर बाय ६० सेंटिमीटरच्या खळग्यात ते पाच लिटरही होत नाही, पण असे तीस खळगे धरले तर दीडशे लिटरच्या घरात पाणी बोटीत वर्षभर मुक्कामाला असतं आणि एकाही पंपाला ते दिसत नाही. वजनाच्या दृष्टीने ते क्षुल्लक आहे. पण लाकूड त्याच्यामुळे कधी सुकत नाही, आणि पठाणाचे बोल्ट त्याच पाण्यात उभे असतात. म्हणून मोरीची कड फळीला टेकलेली हवी, आणि बोटभर रुंद मोरीऐवजी चार बोटं रुंद हवी. बोटभर मोरी खवल्याच्या एका पुंजक्याने बंद होते.

मोऱ्या बुजतात कशाने, याची यादी कोणत्याही बोटीच्या तळातून काढता येईल: नायलॉनच्या सुताचे तुकडे, माशांचे खवले, इंजिन पुसायच्या चिंध्या, गुटख्याच्या पुड्या, शिजलेला भात, प्लॅस्टिकच्या पिशव्या, रंगाचे पोपडे. शिवाय तोल साधण्यासाठी टाकलेले दगड आणि वाळूच्या गोण्या. गोणी फाटली की वाळू सरळ मोरीत. काही ठिकाणी तळाचे खळगे सिमेंटने भरून टाकतात. त्यामागचा विचार अगदीच चुकीचा नाही. उतार देऊन भरलेलं सिमेंट पाणी थांबू देत नाही आणि धुवायला सोपं पडतं. पण सिमेंट आणि लाकूड सारखे आक्रसत-फुगत नाहीत. काही वर्षांत दोघांमध्ये केसाएवढी फट पडते, पाणी तिथे शिरतं, आणि आता कुजणारं लाकूड सिमेंटच्या झाकणाखाली असतं. पाण्याची वाट झाली, हाताची पोच मात्र कायमची गेली. दोन्हींतलं एक देऊन दुसरं घेण्याचा असा व्यवहार तळात कुठेच करू नये. मोऱ्या साफ ठेवण्याची जुनी युक्ती याहून साधी होती. सगळ्या मोऱ्यांमधून नाळेपासून पिछाडीपर्यंत एक बारीक साखळी ओवून ठेवत आणि अधूनमधून ती पुढे-मागे ओढत. घाण सैल होऊन वाहून जाई. आज गंज न धरणारी साखळी किंवा जाड नायलॉनचा दोर सहज मिळतो, आणि या युक्तीला वीज लागत नाही. ती मागे का पडली याला मला एकच कारण दिसतं: ती कोणी विकत नाही.

उतार हा दुसरा मुद्दा. बोटीचा सगळ्यात खालचा बिंदू कागदावर एक असतो आणि समुद्रात दुसरा. डिझेलची टाकी भरलेली असताना बोट एका बाजूला झुकते, ती रिकामी झाल्यावर दुसऱ्या. खणात बर्फ भरला की तोल बदलतो, मासळी आली की पुन्हा बदलतो, आणि जाळं ओढताना पिछाडी दबते. १५ मीटरच्या बोटीत नाळ आणि पिछाडी यांच्यात ३० सेंटिमीटरचा फरक पडला तर उतार पन्नासास एक असा होतो. दोन फासळ्यांमध्ये जेमतेम आठ मिलिमीटर. एवढ्या अंधुक उतारावर पाण्याने कुठे जायचं ते मोरीची उंची ठरवते. त्यात बोट नाळेकडे झुकली तर पिछाडीच्या पंपाला काहीच मिळत नाही. यावर उपाय एकच: खेचायची तोंडं दोन, एक पुढे आणि एक मागे, दोघांवर वेगवेगळे व्हॉल्व्ह.

मिस्त्री इथे एक रास्त शंका काढतात. फासळीला बुडाशी एवढी मोठी मोरी पाडली तर फासळी कमजोर होणार नाही का? होईल, जर ती कुठेही आणि कशीही पाडली तर. फासळीवर पडणारा ताण मोरीच्या कोपऱ्यांत गोळा होतो, म्हणून मोरी चौकोनी न ठेवता कमानीसारखी गोल ठेवायची. बोल्ट आणि सांधे यांच्यापासून दूर ठेवायची. रुंदी वाढवायची, उंची नाही. फासळीची बरीचशी ताकद तिच्या उंचीत असते, आणि उंचीतून थोडंच कापलं तर तोटा थोडा होतो. उलट बंद मोरीमागे कुजलेल्या फासळीची ताकद किती उरते, याचा हिशेब मोरी नको म्हणणारे सहसा मांडत नाहीत. फायबरच्या बोटीत मात्र सावध राहावं लागतं. तिच्या आतल्या फासळ्यांत बहुधा फोम किंवा लाकडाचा गाभा असतो आणि बाहेरून फायबरचा थर. ड्रिल मारून नुसतं भोक पाडलं की गाभा उघडा पडतो आणि पाणी स्पंजात मुरावं तसं त्यात मुरतं. तिथे भोकात फायबरची नळी बसवून कडा रेझिननं बंद कराव्या लागतात. अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण ते टाळलं तर पाण्याची वाट फासळीच्या पोटातून जाते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पाण्याला सगळीकडे वाट दिली, तर एका कप्प्यात शिरलेलं पाणी सगळ्या बोटीत पसरणार. मग आडभिंतींचा उपयोग काय? चीनमध्ये क्वानझू इथे १९७४ साली उत्खननात मिळालेल्या तेराव्या शतकातल्या जहाजात १२ आडभिंती आणि १३ कप्पे होते, आणि त्या भिंतींच्या बुडाशी कण्याजवळ पाणी जाण्यासाठी छोटी भोकं ठेवलेली होती. म्हणजे हा पेच सातशे वर्षांहून जुना आहे. लांब प्रवासात रोजचं पाणी काढायला भोक हवं, आणि संकटात तेच भोक बंद करता यायला हवं. आजचं उत्तर अधिक कडक आहे, आणि मला ते पटतं: जी आडभिंत पाणी अडवण्यासाठी बांधली आहे तिच्यात मोरी नकोच. नाळेचा कप्पा, मासळीचा खण, इंजिनाचा कप्पा, प्रत्येकाला स्वतःचा खड्डा, स्वतःची खेचनळी आणि त्या नळीवर पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह. हा शेवटचा व्हॉल्व्ह विसरला तर पाणी भरलेल्या कप्प्यातून पाइपांमार्गे कोरड्या कप्प्यात जातं, आणि पाणी काढायची व्यवस्थाच पाणी पसरवते. एका कप्प्याच्या आत मात्र मोऱ्या हव्यातच, आणि मोकळ्या हव्यात. म्हणजे आक्षेप खरा आहे. त्यातून निघतं ते एवढंच की वाट कप्प्यापुरती असावी.

मासळीच्या खणाखालची जागा ही सगळ्या व्यवस्थेतली सगळ्यात दुर्लक्षित जागा. खणाला उष्णता अडवण्यासाठी भोवती फोम भरलेला असतो, वर फायबरचं किंवा सिमेंटचं अस्तर, आणि खाली बिल्ज जिवंत आहे की मेली हे कोणालाच कळत नाही. अस्तराला तडा गेला की बर्फाचं पाणी फोमात मुरतं. ओला फोम उष्णता अडवत नाही, म्हणून बर्फ लवकर वितळतो, म्हणून आणखी पाणी होतं. शिवाय बोट विनाकारण जड होते. इथे दोन बदल लागतात. खणाचं पाणी बिल्जमध्ये सोडायचंच नाही. खणाच्या तळाला उतार देऊन, वर जाळीच्या फळ्या टाकून, ते खणातल्याच बंद खड्ड्यात गोळा करायचं आणि तिथून वेगळ्या पंपाने काढायचं. मासळी पाण्यात भिजत राहत नाही, आणि इंजिनाच्या तेलकट पाण्याशी तिची गाठ पडत नाही. दुसरा बदल म्हणजे खणाच्या तळाखाली पठाणावरून एक मोकळा पाट ठेवायचा आणि त्यावर उचलता येतील अशी झाकणं. मालक म्हणतील, खणाची जागा जाते. चार मीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि २० सेंटिमीटर उंच पाट पाव घनमीटरही जागा घेत नाही. बर्फातल्या मासळीचा ढोबळ हिशेब घनमीटरला अर्धा टन धरला तर सव्वाशे किलो मासळीची जागा गेली, आणि तीही खण काठोकाठ भरेल त्या फेरीतच. शिवाय ती जागा अगदी तळाची, जिथली मासळी वरच्या वजनाने चेपून आणि पाण्यात भिजून लिलावात भाव पाडते.

हे पाणी साचू देण्यात आणखी एक धोका आहे, आणि तो बोटीला नसून माणसाला आहे. खवले, रक्त, मासळीचे तुकडे बंद जागेत हवेशिवाय कुजले की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तो हवेपेक्षा जड असल्याने तळातच बसून राहतो. अगदी थोडा असताना कुजक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो, म्हणजे वास गेला तर धोका गेला असं मानणं जिवावर बेततं. मंगळूरजवळच्या एका मासळी प्रक्रिया कारखान्यात एप्रिल २०२२ मध्ये टाकीत उतरलेले कामगार असेच दगावले. एकाला वाचवायला दुसरे उतरले, आणि पाच जीव गेले. बोटीच्या तळातही तोच वायू आणि तोच क्रम असू शकतो. म्हणून झाकण मोठं हवं. ६० सेंटिमीटर चौरस झाकण म्हणजे खलाशाला आत-बाहेर करायला सोपं, आणि वारा खेळायलाही. दोन टोकांना दोन झाकणं उघडली की हवा बदलते, एकच उघडलं तर फारशी नाही. आधी झाकणं उघडायची, वाट पाहायची, आणि उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधून वर एक माणूस ठेवायचा. ज्या तळात उतरावंच लागत नाही, वरून हात आणि झाडू पोचतो, तो तळ अर्थातच सगळ्यात बरा. फळ्या खिळ्यांनी ठोकण्याऐवजी फिरत्या पट्टीने अडकवल्या, आणि कोणताही खळगा झाकणापासून हातभराहून दूर ठेवला नाही, तर बहुतेक काम डेकवर गुडघे टेकून होतं.

आता पंप, शेवटी. त्याचा खड्डा बोटीच्या खऱ्या खालच्या बिंदूला हवा, आणि नळीच्या तोंडाला जाळी हवी. जाळीच्या भोकांचं एकत्रित क्षेत्रफळ नळीच्या तोंडाच्या कितीतरी पट असावं, नाहीतर दोन खवल्यांनी पंप घुसमटतो. बाहेर टाकायचं तोंड पाण्याच्या पातळीच्या बरंच वर हवं. ते खाली असेल आणि नळीला उंच वळसा नसेल, तर पंप थांबल्यावर समुद्र त्याच नळीतून उलटा आत येतो. वायरचे जोड तळात नकोत. खाऱ्या पाण्यात बुडालेला उघडा जोड वीज गळू देतो आणि पठाणाचे बोल्ट, पंख्याचा दांडा झपाट्याने खातो. तरंगणारा स्विच घाणीने अडकतो, म्हणून त्याच्यापेक्षा थोड्या उंचीवर दुसरा स्विच लावून त्याला फक्त घंटा जोडावी. पंप चालू आहे की नाही यापेक्षा पाणी वाढतंय हे केबिनमध्ये कळणं महत्त्वाचं. अन्न व कृषी संघटना, आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि आंतरराष्ट्रीय सागरी संघटना यांनी मिळून छोट्या मासेमारी नौकांसाठी केलेल्या मार्गदर्शक सूचना बंधनकारक नाहीत, पण पंप एकावर थांबू नये यावर त्यांचा भर आहे, आणि तो योग्य आहे. एक इंजिनाच्या पट्ट्यावर, एक बॅटरीवर, एक हाताचा. पाणी इंजिनापर्यंत चढलं की पहिला जातो. बॅटरी तळाशी ठेवली असेल तर दुसराही त्याच मिनिटाला. आणीबाणीत इंजिनाचा थंड पाण्याचा पंपच बिल्जमधून खेचायला लावायची युक्तीही आहे, पण गाळाने भरलेल्या तळात ती इंजिनच तापवून बंद पाडते. पुन्हा तळाच्या स्वच्छतेवरच येणं झालं.

फायबरच्या बोटींचे मालक सांगतात की त्यांच्या बोटीला फळ्यांचे सांधेच नाहीत, मग गळणार काय? फायबर सांध्यांतून गळत नाही हे खरं. पण ग्लँड तीच, डेकची झाकणं तीच, रबरी पाइप तेच, बर्फही तोच. लाकडी बोट रोज थोडी गळते म्हणून तिच्या तळाकडे रोज कोणाचं तरी लक्ष जातं. फायबरची बोट महिनोन्‌महिने कोरडी असते आणि म्हणून एके दिवशी पाणी वाढलेलं कोणी पाहत नाही. घंटा तिथे अधिक गरजेची आहे.

राहिला खर्च आणि वेळ. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते. बोटी किनाऱ्यावर चढवून शाकारलेल्या असतात, आणि याच काळात तळ सगळ्यात सोपा हाताशी येतो. शाकारताना तळाचं बूच काढून ठेवलं नाही तर फटींतून आलेलं पावसाचं गोडं पाणी दोन महिने आत मुरतं, म्हणून पहिलं काम तेच. मग फळ्या उचलून दगड-गोण्या बाहेर, तळ घासून कोरडा, आणि कोरड्या लाकडावर टोचून तपासणी. मोऱ्या, झाकणं आणि आडभिंतीची दुरुस्ती हे सुताराचं काम. खण फोडून पाट काढणं महागडं आहे, ते अस्तर बदलायच्या वर्षाला जोडावं. पंपाची खरेदी या सगळ्यानंतर, कारण खड्डा कुठे येणार हे त्याआधी ठरत नाही. बोट पाण्यात उतरल्यावर प्रत्येक कप्प्यात, खड्ड्यापासून सगळ्यात लांबच्या टोकाला, मोजून दहा बादल्या पाणी ओतायचं, पंपातून किती वेळात किती बाहेर येतं ते पाहायचं, आणि उरलेलं कुठल्या खळग्यात थांबलं तिथे फासळीवर खडूने खूण करायची. हीच चाचणी डिझेल आणि बर्फ भरल्यावर पुन्हा करावी लागते, कारण तेव्हा बोटीचा तोल वेगळा असतो. दोन्ही वेळा खूण एकाच फासळीवर पडली तर ती मोरी खाली कापायची. वेगवेगळ्या फासळ्यांवर पडली तर मोरीला हात न लावता खेचनळीचं दुसरं तोंड तिथे न्यायचं.